फवाऱ्याचे औषध आणि डोक्याची गोळी



आपल्याकडे फवाऱ्याच्या विषालाही औषध म्हणतात आणि दवाखान्यातल्या गोळीलाही औषधच म्हणतात. विंचूरच्या कांदा बाजारात एका ताईंनी विचारले, "साहेब, आमच्या ह्यांच्या डोक्यातल्या गाठीवर मुंबईला शेक दिला. आता विसरायला होतं म्हणून डॉक्टरांनी डोनेपेझिलची गोळी दिलीय. हे कांद्यावर औषध मारायला निघतात. जाऊ द्यावं का?"

उत्तर एकच: जाऊ देऊ नये. त्याचे कारण सर्वांनी समजून घेण्यासारखे आहे.

शरीरातील नस स्नायूला निरोप देते तो एसिटिलकोलिन नावाच्या द्रव्याकरवी. निरोप पोचला की कोलिनेस्टरेज हे विकर ते द्रव्य मोडून टाकते. वाफा भरला की आपण पाणी पुढे वळवतो, तसेच हे. पाणी वळवणारा माणूसच नसला तर वाफा तुंबून फुटतो. क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस ही ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके या विकरालाच जखडून ठेवतात. किडा त्यानेच मरतो. पण हे विकर माणसातही आहे. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले, शेकडो जणांना इस्पितळात न्यावे लागले. तेथे वापरलेल्या औषधांत याच गटातील मोनोक्रोटोफॉसही होते.

आता गोळीकडे वळू. डोनेपेझिलही याच विकराला अडवते, पण मोजक्या प्रमाणात. आणि काही काळाने त्याला मोकळे सोडते. त्यामुळे मेंदूतील निरोपाचे द्रव्य थोडे जास्त वेळ टिकते. ही गोळी मुळात म्हातारपणच्या स्मृतिभ्रंशासाठी आहे. गाठीवर शेक दिलेल्या अनेकांची स्मरणशक्ती पुढे मंदावते, म्हणून त्यांनाही ती देऊन पाहण्यात आली. अमेरिकेतील वेक फॉरेस्टच्या संशोधकांनी २०१५ साली १९८ रुग्णांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. काहींना खरी गोळी, काहींना तशीच दिसणारी बिनऔषधाची, असे २४ आठवडे चालले. एकूण बुद्धीच्या मापात दोन्ही गटांत ठळक फरक दिसला नाही. मात्र पाहिलेले-ऐकलेले ओळखण्यात आणि हाताच्या चपळाईत थोडा फायदा दिसला. ज्यांची बुद्धी आधीच जास्त मंदावली होती त्यांना तो अधिक झाला. म्हणजे आशा आहे, पण बेताची. या गोळीने गाठ बरी होत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

विकर एकच असल्यामुळे गोळी घेणाऱ्याने फवारा मारला तर दोन्हींचा भार एकाच जागी पडतो. मळमळ, जुलाब, नाडी मंद होणे हे त्रास गोळीनेही होतात आणि विषबाधेनेही. मग घरच्यांना वाटते, गोळीच सोसत नाही. आणि मोलाचा वेळ हातचा जातो. शिवाय गाठीच्या रुग्णाला फेफरे येण्याची भीती असते. पाठीवर पंप असताना ते आले तर काय होईल, याचा विचार करावा.

तेव्हा एवढे करा. गोळी चालू असलेल्याने औषध कालवू नये, फवारू नये, शेजारच्या द्राक्षबागेत ब्लोअर चालू असेल तर वाऱ्याच्या दिशेला थांबू नये. घरी शेती आहे, फवारणी होते, हे डॉक्टरांना आपणहून सांगावे. गोळी मनाने सुरू करू नये, मनाने बंदही करू नये.

आणि गोळी असो वा नसो, फवारणीनंतर कोणालाही दरदरून घाम, तोंडाला लाळ, डोळ्यांपुढे अंधुक, अंग फडफडणे किंवा दम लागणे सुरू झाले तर कपडे उतरवून अंग साबणाने धुवावे, १०८ ला फोन करावा आणि औषधाची बाटली किंवा तिच्यावरील चिठ्ठी बरोबर न्यावी. या विषावर ॲट्रोपिनचे इंजेक्शन असते. कोणते विष आहे हे कळले तर डॉक्टरांना उपचार ठरवायला वेळ लागत नाही.