मासे सोडण्याची वर्गणी मी का देत नाही



दशलक्षण पर्व तोंडावर आले आहे आणि आपल्या महिला मंडळाच्या ग्रुपवर नेहमीची यादी फिरू लागली आहे. पूजेच्या पाळ्या, पारण्याचा स्वयंपाक, आणि सगळ्यात शेवटी "जीवदया : तलावात मासे सोडणे, प्रत्येकी १०१ रुपये". यंदा त्या यादीमागोमाग एक पत्रही आले. ग्रामीण कार्यानुभवासाठी आपल्या तालुक्यात आलेल्या मत्स्य महाविद्यालयाच्या मुलांनी, त्यांच्या विद्यार्थी मंडळातर्फे, मंदिराच्या विश्वस्तांना ते लिहिले आहे. बाजारातले मासे आणून तलावात सोडू नका, काठावरून कणकेचे गोळे टाकू नका, हवे असेल तर आम्ही येऊन तलावाचे पाणी तपासून देतो, एवढीच त्यांची विनंती.

त्यावर ग्रुपवर काय काय लिहिले गेले ते तुम्ही वाचलेच असेल. "मासे मारायचं शिक्षण घेणारी पोरं आता आपल्याला जीवदया शिकवणार!" हे वाक्य तर चार जणींनी पुढे पाठवले. मी ही वर्गणी देत नाही हे मंडळात सगळ्यांना ठाऊक आहे. का देत नाही, ते आज नीट लिहिते. पत्र त्या मुलांचे असले तरी बरोबर आहे, आणि आपली ही प्रथा जीवदयेच्या नावाखाली चाललेली हिंसा आहे.

आधी ही मुले करतात काय, ते बघू. मत्स्यशास्त्राची पदवी चार वर्षांची असते. तिच्यात मासे पकडण्याइतकेच पाणी, चिखल, शेवाळ, माशांचे आजार आणि त्यांच्या विणीचा काळ हेही शिकावे लागते. विद्यार्थी मंडळ अभ्यासाव्यतिरिक्तची कामे करते. शेततळी असलेल्या शेतकऱ्यांकडे जाऊन पाण्यातला प्राणवायू आणि आम्लता मोजून द्यायची, काठावरचे प्लास्टिक आणि फाटकी जाळी गोळा करायची, शाळांत प्रदर्शन मांडायचे. टाकून दिलेले नायलॉनचे जाळे पाण्यात वर्षानुवर्षे कुजत नाही आणि त्यात मासे, कासवे, पाणपक्षी अडकून मरत राहतात. ते जाळे चिखलात उतरून ओढून काढणाऱ्या पोरांना आपण "मारणारे" म्हणायचे का?

गेल्या २१ नोव्हेंबरला, म्हणजे जागतिक मत्स्यव्यवसाय दिनी, आपल्या हायस्कुलात त्यांचे प्रदर्शन होते. मी गेले होते. तिथे एका मुलीने मला जे दाखवले ते आपल्या प्रत्येकीने ऐकायला हवे.

आपण जिवंत मासे आणतो कुठून? बाजारातून. आता विचार करा, रोहू किंवा कटला पाण्याबाहेर काढला की थोड्याच वेळात मरतो. मग टोपलीत, घमेल्यात, बोटभर पाण्यात तासन् तास वळवळत राहणारा मासा कोणता? बहुतेक वेळा तो आफ्रिकन मांगूर असतो, ज्याला बाजारात थाई मांगूर म्हणतात. त्याला हवेतून श्वास घेता येतो, म्हणून तो जिवंत विकला जातो आणि म्हणूनच तो आपल्या पिशवीत येतो. हा मासा खादाड आणि मांसाहारी आहे. तळ्यातले लहान मासे, त्यांची अंडी, बेडूक, किडे, जे मिळेल ते खातो. याच कारणाने त्याच्या पालनावर केंद्र सरकारने २००० साली बंदी घातली. आपण "सोडवलेला" एक मांगूर तळ्यात गेल्यावर किती जीव गिळतो याचा हिशेब आपल्या पुण्याच्या वहीत कुठल्या बाजूला लिहायचा?

मांगूर नसेल तर चिलापी, म्हणजे तिलापिया. हाही बाहेरचा. १९५२ मध्ये तो भारतात आणला गेला. त्याची मादी अंडी आणि पिल्ले तोंडात सांभाळते, त्यामुळे पिल्ले जगतात फार, आणि वर्षातून अनेकदा वीण होते. बघता बघता तळे त्याचेच होते आणि इथले मूळचे मासे हटत जातात. काही जणी मत्स्यालयाच्या दुकानातून शोभेचे मासे आणतात. त्यांतला काच चाटणारा सकर मासा घरच्या पेटीत बोटाएवढा दिसतो, पण मोकळ्या पाण्यात हातभर होतो. उजनीच्या जलाशयात तो मच्छीमारांच्या जाळ्यात येऊन जाळी फाडतो आहे. तो तिथे आपण होऊन आलेला नाही. कुणीतरी दया येऊनच सोडला असणार.

बरे, समजा मासा इथलाच आहे. तरीही पिशवी उलटी करून तो धपकन पाण्यात टाकला की झाले, असे नसते. पिशवीतले पाणी आणि तळ्यातले पाणी यांच्या तापमानात चार-पाच अंशांचा फरक असला तरी त्याला धक्का बसतो. हाताळताना अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो, आणि तोच त्याचा रोगापासूनचा बचाव असतो. मासा आपल्यासमोर पोहत जातो, आपण हात जोडून घरी येतो, आणि तो दोन दिवसांनी मरतो. तेव्हा तिथे आपल्यापैकी कुणी नसते. ही मुले मत्स्यबीज सोडताना पिशवी बंदच ठेवून पंधरा-वीस मिनिटे पाण्यावर तरंगू देतात. मग तोंड उघडून तळ्याचे पाणी थोडे थोडे आत घेतात. मासा आपण होऊन बाहेर पडतो.

ती मुलगी हे सांगत होती आणि मला माझ्या आज्जीची कडीची बादली दिसत होती. मैत्रिणींनो, जिवाणी आठवते ना? विहिरीचे पाणी दुपदरी कापडातून गाळायचे. कापडावर राहिलेले सूक्ष्म जीव गाळलेल्याच पाण्याने उतरवून घ्यायचे आणि परत त्याच विहिरीत पोचवायचे. वरून ओतायचे नाहीत, कारण तेवढ्या उंचीवरून आपटून ते मरतील. कडीच्या बादलीतून पाण्यापर्यंत नेऊन अलगद सोडायचे. आणि एका विहिरीची जिवाणी दुसऱ्या विहिरीत कधीही टाकायची नाही, कारण ज्या पाण्यात जो जीव जन्मला त्या पाण्यातच तो जगतो. आज्जी शाळेत गेली नव्हती, प्राणवायू मोजायचे यंत्र तिने पाहिले नव्हते, पण हा नियम तिने एक दिवस मोडला नाही. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवासाठी इतकी काळजी घेणारा आपला समाज, आणि वीतभर मासा मात्र आपण कुठून तरी उचलून कुठेतरी टाकतो आणि त्याचा फोटो काढतो!

आता कणकेच्या गोळ्यांचे. पहाटे मंदिरात जाताना तळ्यातले मासे वर येऊन तोंडे उघडझाप करताना दिसतात. "भुकेले आहेत बिचारे" म्हणून आपण कणीक, लाह्या, बिस्किटे टाकतो. पण पहाट ही पाण्यातला प्राणवायू सगळ्यात कमी असण्याची वेळ. रात्री ऊन नसल्यामुळे शेवाळ आणि पाणवनस्पती प्राणवायू तयार करत नाहीत, उलट वापरतात. माशांना धड राहायला लिटरमागे सुमारे ५ मिलिग्रॅम प्राणवायू लागतो. तो फार खाली गेला की ते पृष्ठभागावर येऊन धापा टाकतात. त्या धापेला आपण भूक समजतो. वर टाकलेली कणीक बरीचशी तळाशी बसते, कुजते, आणि कुजताना आणखी प्राणवायू खाते. गुदमरणाऱ्याच्या तोंडावर उशी ठेवावी तसे हे आहे.

यावर मला हमखास मिळणारे उत्तर म्हणजे, "भाव शुद्ध आहे ना, मग झालं." नाही झाले. तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येतच प्रमाद आहे, म्हणजे बेसावधपणा, बेपर्वाई. मुनिमहाराज चार हात पुढची जमीन निरखून पाऊल टाकतात. त्यांचा भाव कुणाला तुडवण्याचा नसतोच, तरीही ते बघून चालतात. कळवून देणारे दारात आलेले असताना "आम्हाला ऐकायचंच नाही" म्हणणे हा शुद्ध भाव नाही, तो प्रमाद आहे. आणखी एक साधी गोष्ट. आपल्या पर्वाच्या आदल्या दिवशी आपली ऑर्डर असते म्हणून विक्रेता जास्तीचे मासे आणून ठेवतो. जे जीव आपण सोडवतो म्हणतो, त्यांतले कित्येक आपल्यासाठीच पकडलेले असतात.

दुसरा आक्षेप खरा आहे आणि तो मी टाळणार नाही. ही मुले उद्या मत्स्यशेती वाढवणार, आणि मत्स्यशेतीचा शेवट बाजारातच होतो. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथे हिरालाल चौधरी यांनी माशाच्या पियूषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांची वीण घडवली. आता कृत्रिम संप्रेरकेही मिळतात, पण तेव्हा त्या ग्रंथीसाठी दुसरा मासा मारावाच लागे. तो दिवस ही मुले मत्स्य शेतकरी दिन म्हणून साजरा करतात. मी तिथे टाळ्या वाजवायला जाणार नाही, आणि हे मी त्या मुलीला तोंडावर सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले. एखाद्याचा व्यवसाय आपल्या व्रतात बसत नाही, म्हणून त्याला ठाऊक असलेले सत्य खोटे ठरत नाही. अनेकांत म्हणून आपण रोज जे मिरवतो ते हेच ना?

आणि संयम फक्त आपल्याकडेच आहे असेही समजू नका. आपला चातुर्मास बसायच्या आधीच, १ जूनपासून, आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांची मासेमारी बंद होते, कारण तो विणीचा काळ. कोळी बांधवांची चूल त्या दिवसांत कशी पेटते ते त्यांनाच ठाऊक. जाळ्यात कासव किंवा व्हेल शार्क सापडला तर जाळे कापून तो सोडणाऱ्या मच्छीमाराला राज्य सरकार २०१८ पासून २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देते. पोटाचे साधन स्वतःच्या हाताने कापून जीव सोडणे, आणि १०१ रुपये देऊन फोटो काढणे, यांत दया कुठली मोठी, हे तुम्हीच ठरवा.

महाड तालुक्यात वाळणकोंड आहे. तिथे वरदायिनी देवीच्या श्रद्धेने डोहातले महासीर मासे पिढ्यान् पिढ्या राखले गेले. बाजारातून आणून कुणी ते तिथे सोडलेले नाहीत. जे मूळचे आहेत त्यांना मारायचे नाही, एवढेच लोकांनी पाळले. आपल्या तळ्यासाठी आपल्यालाही एवढेच करायचे आहे.

म्हणून येत्या रविवारच्या बैठकीत मी चार गोष्टी मांडणार आहे. यादीतली ती ओळ काढून टाकावी. जमणाऱ्या पैशातून तळ्याच्या काठी निर्माल्यासाठी खड्डा आणि कणीक न टाकण्याची पाटी करावी. पायऱ्यांवर साबणाने धुणे धुण्याची जागा हलवावी. आणि पर्वातल्या एका दुपारी त्या मुलांना बोलावून तळ्याचे पाणी आपल्या सगळ्यांसमोर तपासून घ्यावे. येताना आपापली मुले घेऊन या, घरी मत्स्यपेटी असेल तर त्यातले मासे तळ्यात सोडायचे नाहीत हेही त्यांना तिथेच कळेल.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी रविवारी जरूर यावे आणि तोंडावर बोलावे. फक्त त्या मुलांना "मासे मारणारी पोरं" म्हणू नका. मंदिराच्या दारात ती जीव वाचवण्याची विनंती घेऊन आली आहेत.

जय जिनेंद्र.