निजाम गेला, दप्तर राहिले

आमच्या जालना जिल्ह्यात आजही सरकारपेक्षा निजामाच्या शब्दाला जास्त वजन आहे. हे मी चिडून म्हणतोय खरे, पण शासन निर्णय समोर ठेवून म्हणतोय. 2 सप्टेंबर 2025 रोजी आझाद मैदानावरच्या मराठा आरक्षणाच्या उपोषणापुढे हात टेकून महाराष्ट्र सरकारने हैदराबाद गॅझेटियरला मान तुकवली. त्याआधी दोन वर्षे निजामकालीन कुणबी नोंदींसाठी खासरा पत्रके, पाहणी पत्रके उपसणे चालूच होते. उर्दू आणि मोडी वाचता येणाऱ्यांना अचानक भाव आला. ज्या राजवटीला घालवण्यासाठी इथल्या माणसांनी तुरुंग भोगले, तिच्याच कागदावर आजच्या नागरिकाने आपण कोण ते सिद्ध करायचे!

मराठा कुणबी की नाही, हा वाद मला इथे घालायचा नाही. अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत एक उपोषण बसते, त्याच तालुक्यात वडीगोद्रीला ओबीसींचे दुसरे बसते, आणि दोन्ही मांडवांतली पोरे शेती परवडत नाही, नोकरी मिळत नाही, हेच सांगतात. 1 सप्टेंबर 2023 ला अंतरवालीत लाठ्या पडल्या, तेव्हा कुठे मुंबईला हा तालुका नकाशावर सापडला.

माझा प्रश्न या प्रजासत्ताकाला आहे. निजामाकडे नोंद आहे, तुमच्याकडे काय आहे? 1931 नंतर सगळ्या जातींची मोजणी प्रसिद्धच झाली नाही. स्वतंत्र भारताला जात मोजायची लाज वाटली, जातीवर तिकीट वाटायची मात्र कधी वाटली नाही.

मुळात आमची क्रांतीच अर्धी. 17 सप्टेंबर 1948 ला भारताच्या पोलीस कारवाईपुढे निजामाचे सैन्य शरण आले आणि निजाम? तो राजप्रमुख झाला. 26 जानेवारी 1950 पासून 1956 मध्ये हैदराबाद राज्य मोडेपर्यंत मीर उस्मान अली खान हेच आमच्या लोकशाहीचे घटनात्मक प्रमुख होते, वर वर्षाला 50 लाखांचा तनखा. स्वामी रामानंद तीर्थांच्या माणसांनी सत्याग्रह केले, सरहद्दीवर कॅम्प चालवले. सत्ता गेली आधी जनरल चौधरींकडे, मग वेल्लोडी नावाच्या आयसीएस अधिकाऱ्याकडे. मतपेटी दिसायला 1952 उजाडले, आणि मुख्यमंत्री झाले ते स्टेट काँग्रेसमधल्या स्वामीजींच्या विरोधी गटाचे बी. रामकृष्णराव. जहागिरी 1949 मध्ये गेल्या, 1950 मध्ये कूळकायदा आला, एवढे श्रेय द्यायलाच हवे.

निजामाच्या बाजूच्या रझाकारांचे अत्याचार दरवर्षी भाषणात येतात, यायलाच हवेत. पण पोलीस कारवाईच्या काळात आणि नंतर मुसलमानांच्या ज्या कत्तली झाल्या, त्यांचा अंदाज नेहरूंनीच पाठवलेल्या सुंदरलाल समितीने किमान 27 ते 40 हजार असा दिला होता. तो अहवाल दशकानुदशके कपाटात राहिला. तरुण प्रजासत्ताकाला पहिला धडा मिळाला तो असा: नकोसा कागद दडवायचा. हवासा सापडेना, तर निजामाचा काढायचा!

मग आम्ही महाराष्ट्रात आलो, तेही विनाअट. या 'विनाअट'चा आम्हाला केवढा अभिमान! सावकारही इतक्या भोळ्या कुळाला हसला असता. 1953 चा नागपूर करार झाला, घटनेत 371(2) कलम आले, तरी मराठवाड्याचे वैधानिक विकास मंडळ यायला 1994 उजाडावे लागले. ज्या गोविंदभाई श्रॉफांनी निजामाशी झुंज दिली, त्यांना पुढे विकासाच्या हक्कासाठी आपल्याच सरकारशी झुंजावे लागले. आणि त्या मंडळाची मुदत 30 एप्रिल 2020 ला संपली, तेव्हा ती वेळेत वाढवायचीही कोणाला गरज वाटली नाही. मुक्तिसंग्रामाच्या अमृतमहोत्सवाच्या निमित्ताने सप्टेंबर 2023 मध्ये अख्खे मंत्रिमंडळ मराठवाड्यात बैठक घेऊन गेले. हजारो कोटींच्या घोषणा झाल्या. मंडळ असते तर त्यातल्या रुपयाचा हिशेब दरवर्षी विधिमंडळापुढे ठेवावा लागला असता.

तेव्हा येत्या 17 सप्टेंबरला पालकमंत्री माइकसमोर उभे राहिले, की शौर्यगाथा ऐकून टाळ्या वाजवू नका. 371(2) खाली आमचे मंडळ का मरू दिले, ते विचारा. उत्तर मिळेपर्यंत चहापानाला जाऊ नका.