चाचे पकडले, पुढे काय?

आमच्या रावेतला समुद्र नाही, पवना आहे. तेव्हा एस. वाय.च्या मुलाने चाचेगिरीच्या कायद्यावर लिहावे, ही काहींना नसती उठाठेव वाटेल. पण चाकणच्या ज्या कारखान्यात माझे वडील मशीनवर उभे राहतात, तिथला माल न्हावाशेव्याहून जहाजात चढतो आणि पुढे अशा पाण्यातून जातो, की जे कोणाच्याच मालकीचे नाही.

या बिनमालकीच्या पाण्यासाठी संयुक्त राष्ट्रांचा १९८२ चा समुद्री कायद्याचा करार आहे. खुल्या समुद्रावरील चाच्याला कोणताही देश पकडू शकतो आणि आपल्या न्यायालयात उभा करू शकतो, असे तो सांगतो. सारी मेख त्या 'शकतो'त आहे. खटला चालवलाच पाहिजे, असे बंधन नाही. म्हणून कित्येक देशांच्या आरमारांनी सोमाली चाचे पकडले, त्यांची शस्त्रे समुद्रात टाकली आणि माणसे सोडून दिली.

आपण सोडले नाही, हे खरे. पण पुढे काय झाले? १९९९ साली 'अलोन्ड्रा रेनबो' हे जपानी मालकीचे जहाज पळवणारे इंडोनेशियन चाचे आपल्या नौदलाने व तटरक्षक दलाने अरबी समुद्रात धरले. चाचेगिरीविरुद्ध आपला स्वतंत्र कायदाच नव्हता. दंडसंहितेची कलमे कशीबशी लावून मुंबईच्या सत्र न्यायालयाने २००३ मध्ये त्यांना शिक्षा दिली. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात ते सुटले.

२०११ च्या पहिल्या तीन महिन्यांत शंभरावर सोमाली चाचे पकडून मुंबईला आणले गेले. त्यांतील पंधराजणांना शिक्षा झाली ती २०१७ च्या ऑगस्टमध्ये. शिक्षा सात वर्षांची, आणि त्यांतली साडेसहा वर्षे निकालाची वाट पाहण्यात आधीच तुरुंगात गेलेली!

या दिरंगाईची किंमत कोणी मोजली, हे आपल्याकडे फारसे बोलले जात नाही. 'अस्फाल्ट व्हेंचर' या जहाजावरचे पंधरा भारतीय खलाशी सप्टेंबर २०१० पासून ओलीस होते. एप्रिल २०११ मध्ये खंडणी पोचली, जहाज सुटले. पण सातजणांना चाच्यांनी ठेवून घेतले. आमची माणसे तुमच्या तुरुंगात आहेत, ती सोडा, हे त्यांचे म्हणणे. ते सात खलाशी ३० ऑक्टोबर २०१४ ला सुटले. म्हणून चाच्यांना सोडून द्यायला हवे होते काय? मुळीच नाही. परंतु ज्या खटल्यापायी आपलीच माणसे चार वर्षे अडकून पडली, तो तरी वेळेत उभा राहायला नको होता काय?

अखेर डिसेंबर २०२२ मध्ये संसदेने सागरी चाचेगिरी प्रतिबंधक कायदा संमत केला. जन्मठेप आली, चाचेगिरीत कोणाचा जीव गेला तर फाशीचीही तरतूद आली. मार्च २०२४ मध्ये 'रुएन' जहाजावर नौदलाने चाळीस तासांची कारवाई केली, सतरा खलाशी सोडवले, पस्तीस चाचे मुंबई पोलिसांच्या हवाली केले. वर्तमानपत्रांनी पराक्रमाची वर्णने छापली. ती छापावीतच. मला मात्र त्या सतराजणांची काळजी वाटते. कोणी बल्गेरियाचा, कोणी म्यानमारचा, एक अंगोलाचा. साक्षीला ते मुंबईला येणार कधी?

नव्या कायद्यात आणखी एक गोष्ट आहे. आरोपीजवळ शस्त्रे सापडली, तर त्याने गुन्हा केला असे न्यायालय गृहीत धरू शकते. ही मला धोक्याची वाटते. इंग्रजांनी तर कान्होजी आंग्रे यांनाही चाचा म्हटले होते. ते मराठ्यांचे सरखेल होते. (सोमाली टोळ्यांना मी त्यांच्या पंक्तीला बसवत नाही, प्राध्यापकांनी रागावू नये.) चाचा कोण, हे पकडणाऱ्याने नव्हे, न्यायालयाने ठरवायचे असते, आणि त्यासाठी पुरावा लागतो. सुटका झालेल्या खलाशांच्या साक्षी, ते कोणत्याही देशात असोत, दूरदृश्य पद्धतीने पहिल्या काही महिन्यांतच नोंदवाव्यात. आरोपींचा वकील आणि सोमाली जाणणारा दुभाषी हजर ठेवूनच. चाळीस तासांत जहाज सोडवणाऱ्या देशाला एवढे अवघड जाऊ नये.