अध्यापकाची प्रत आणि ग्रंथकाराची भाकरी

एखाद्या महागड्या ग्रंथातील प्रकरणाच्या झेरॉक्स प्रती काढून त्या वर्गात वाटणे हा अध्यापनधर्म की चोरी, असा प्रश्न अलीकडे शिक्षकवर्गात वारंवार विचारला जातो. विचारणारे प्रामाणिक असतात, आणि म्हणूनच भितात. ज्यांनी भ्यावे ते मात्र आख्खी पुस्तके मोबाइलवरून बिनदिक्कत गावभर पाठवीत असतात. कायद्याच्या अज्ञानाने सज्जनाचे हात बांधले जावेत आणि बेफिकिराचे मोकळे राहावेत, ही स्थिती शोचनीय होय.

वस्तुतः कायदा याबाबत मुका नाही. १९५७ च्या प्रताधिकार अधिनियमाच्या ५२ व्या कलमानुसार शिक्षकाने अथवा विद्यार्थ्याने अध्यापनाच्या ओघात एखाद्या कृतीची प्रत काढणे हा हक्कभंग ठरत नाही. प्रश्नपत्रिकेत उतारा घालण्यासही मोकळीक आहे. शाळेच्या संमेलनात शिक्षक-विद्यार्थ्यांनी नाटक केले आणि प्रेक्षक शाळेशी संबंधित मंडळी व पालक एवढेच असले, तर परवानगीची गरज नाही. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे लोटली की साहित्य सर्वांचे होते. १९५० साली निवर्तलेल्या साने गुरुजींचे लेखन २०११ च्या आरंभापासून असे मुक्त झाले आहे.

या सवलतीची कसोटी दिल्लीत लागली. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातील एका झेरॉक्स दुकानात, प्राध्यापकांनी नेमलेल्या निरनिराळ्या ग्रंथांतील उताऱ्यांचे संच विद्यार्थ्यांस मिळत. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशनसंस्थांनी २०१२ साली त्या दुकानावर व विद्यापीठावर दावा लावला. ज्यांचे लेखन त्या संचांत होते अशा कित्येक विद्वानांनीच या दाव्याविरुद्ध आवाज उठविला, हे लक्षात घेण्याजोगे आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला. डिसेंबरात खंडपीठानेही मूळ तत्त्व उचलून धरले. अध्यापन म्हणजे केवळ व्याख्यानाचा तास नव्हे, तर अभ्यासक्रमाच्या आरंभापासून अखेरपर्यंतची सर्व प्रक्रिया होय, आणि प्रत दुकानदाराच्या यंत्रावर निघाली एवढ्याने हेतू बदलत नाही, असा त्या निर्णयाचा आशय आहे.

तथापि या निकालाचा जयघोष करणाऱ्यांनी त्याचा उत्तरार्धही वाचावा. संचांत घेतलेला मजकूर अध्यापनाला खरोखर आवश्यक होता काय, हा प्रश्न खंडपीठाने पुराव्यानिशी तपासण्यासाठी परत पाठविला होता. २०१७ साली प्रकाशकांनी दावाच मागे घेतला, आणि तो प्रश्न तसाच राहिला. शिवाय दिल्लीचा निर्णय मुंबईच्या न्यायालयास मार्गदर्शक आहे, बंधनकारक नाही. म्हणून किती घ्यावे आणि किती सोडावे, हे आज तरी शिक्षकाच्या विवेकावर अवलंबून आहे.

तो विवेक कसा असावा? एका प्रकरणाने काम भागत असता संपूर्ण पुस्तक छापून घेऊ नये. प्रती आपल्या विद्यार्थ्यांपुरत्या असाव्यात. त्यांवर ग्रंथकाराचे व ग्रंथाचे नाव असावे. नफ्याचा तर विचारही नसावा. खाजगी शिकवण्यांचे जे मालक दुसऱ्याच्या ग्रंथातील मजकूर आपल्या नावाने बांधून विकतात, त्यांना या सवलतीचे कवच पांघरता येणार नाही. जिवंत लेखकाची कादंबरी शेकडो लोकांच्या समूहात टाकून देणे हेही अध्यापन नव्हे. मराठी पुस्तकाची हजार-पाचशे प्रतींची आवृत्ती संपावयास वर्षे लागतात. तेथे अशा एकेका फुकट प्रतीचा घाव परदेशी बलाढ्य संस्थेवर नव्हे, तर आपल्याच गल्लीतील लेखकावर आणि कर्ज काढून पुस्तक छापणाऱ्या प्रकाशकावर पडतो.

प्रकाशकांनाही आमचे सांगणे आहे. विद्यार्थ्याला पुस्तक परवडत नसेल आणि ग्रंथालयात ते एकुलते एक असेल, तर झेरॉक्सचे यंत्र बंद पाडून ग्रंथाचा खप वाढणार नाही. स्वस्त आवृत्त्या काढा. आणि सरकारने व संस्थाचालकांनी ग्रंथालयांच्या अनुदानात काटकसर करून वर शिक्षकांस नीतीचे पाठ देऊ नयेत.

प्रताधिकार ही लेखकाच्या श्रमाची मजुरी आहे. ज्ञानाच्या दारावरील जकात नव्हे. कायद्याने ही दोन्ही सत्ये एकाच कलमात बसविली आहेत. शिक्षकांनी निर्भयपणे शिकवावे, आणि ज्याच्या लेखणीतून आपण शिकवितो त्याची चूल पेटती राहील इतकी काळजी घ्यावी. वर्गात उतारा वाटताना त्या पुस्तकाची एक प्रत शाळेने विकत घेतली आहे ना, एवढे जरी प्रत्येक मुख्याध्यापकाने पाहिले, तरी या वादातील निम्मी कटुता नाहीशी होईल.