मशीन, व्यायाम आणि 'डॉक्टर' ही उपाधी : फिजिओथेरपीकडे आपण कसं बघतो?



आयटीत बारा-तेरा वर्षं खुर्चीत काढली की एक गोष्ट हमखास मिळते, ती म्हणजे पाठदुखी. मलाही मिळाली. जीपीने फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. तिने अर्धा तास प्रश्न विचारले, वाकायला-वळायला लावलं, चार व्यायाम दाखवले, एक कागद हातात दिला आणि "सहा आठवड्यांनी या" म्हणाली. मशीन नाही, शेक नाही, साधा कमरेचा पट्टाही नाही! फोनवर आईला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे त्यांनी काहीच केलं नाही की रे." खरं सांगतो, मलाही तसंच वाटलं होतं. त्या डिसेंबरात पुण्याला गेलो तेव्हा दहा सिटिंग घेतली. मशीन, शेक, ट्रॅक्शन, सगळं झालं. तेवढ्यापुरतं छान वाटायचं. इथे परत आल्यावर तीन आठवड्यांत दुखणं पुन्हा हजर!

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे भारतात झालेला एक वाद. २०२५ च्या नव्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात फिजिओथेरपिस्टनी नावाआधी 'डॉ.' आणि नावापुढे 'पीटी' लावावं अशी तरतूद होती. ९ सप्टेंबर २०२५ ला केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने पत्र काढलं, की 'डॉ.' लावू नका, त्याने रुग्णांची दिशाभूल होते. दुसऱ्याच दिवशी ते पत्र मागे घेतलं गेलं. दोन्ही बाजूंनी भरपूर भांडण झालं. पण मला वाटतं, खरा प्रश्न उपाधीचा नाहीच. निर्णय कोण घेतो आणि त्याची जबाबदारी कोणावर, हा तो प्रश्न आहे.

थोडा इतिहास बघू. इंग्लंडमध्ये १८९४ साली चार नर्सनी मिळून आजच्या चार्टर्ड सोसायटीची मूळ संस्था काढली. तेव्हा त्यांचाच नियम होता, की डॉक्टरच्या सांगण्याशिवाय उपचार करायचा नाही. ही चौकट खऱ्या अर्थाने सैल व्हायला १९७७ साल उजाडावं लागलं. त्या वर्षी सरकारी परिपत्रकाने फिजिओथेरपिस्टना स्वतः तपासून उपचार ठरवायची मोकळीक दिली. पुढे २०१३ मध्ये, जास्तीचं प्रशिक्षण घेतलेल्यांना, स्वतः औषध लिहून द्यायचा अधिकार मिळाला आणि जुलै २०२२ पासून ते आजारपणाची 'फिट नोट'सुद्धा देऊ शकतात. आज बऱ्याच जीपी सर्जरीत पाठदुखीचा पेशंट थेट फिजिओथेरपिस्टकडेच जातो. आणि हे सगळं नावामागे 'डॉ.' न लावता!

आपल्याकडची सुरुवात वेगळी. १९५२ मध्ये मुंबईत पोलिओची साथ आली आणि त्यानंतर परळच्या केईएम रुग्णालयात, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने, देशातली पहिली फिजिओथेरपीची शाळा उभी राहिली. तिथपासून आज नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली ठिकठिकाणी कॉलेजं झाली आहेत. म्हणजे अभ्यासाची परंपरा सत्तर वर्षांची आहे. पण बऱ्याच ठिकाणी काम अजून डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच चालतं. चिठ्ठीवर 'अमुक मशीन, दहा दिवस' असं आलं, की चार-साडेचार वर्षं शिकलेल्या माणसाने करायचं काय? मशीन लावायचं!

महाराष्ट्रातून पदवी घेऊन आलेली आमची एक मैत्रीण इथल्या हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे. ती म्हणाली, "माझं ज्ञान कुठे कमी पडलं नाही. शरीररचना तर मला इथल्यांपेक्षा जास्त पाठ होती. पण इथे कोणी लिहून देत नाही, मलाच ठरवायचंय आणि का ठरवलं ते नोंदवायचंय, हे अंगवळणी पडायला सहा महिने लागले." आम्ही आयटीवाले हे लगेच ओळखू. दिलेल्या स्पेसिफिकेशनप्रमाणे कोड लिहिणं वेगळं आणि समोर बसून स्पेसिफिकेशनच चुकलंय असं सांगणं वेगळं.

आता मशीनबद्दल. इथल्या 'नाइस' या संस्थेने नोव्हेंबर २०१६ मध्ये पाठदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात अल्ट्रासाउंड, इंटरफेरेन्शियल, टेन्स, ट्रॅक्शन आणि कमरेचे पट्टे, हे देऊ नका असं स्पष्ट लिहिलंय. पुरेसा उपयोग दिसत नाही, म्हणून. भर आहे तो व्यायामावर आणि हिंडतं-फिरतं राहण्यावर. म्हणजे माझ्या हातातला तो कागद हाच उपचार होता. मी मात्र तो फ्रिजवर लावून ठेवला होता!

एमआरआयचंही तसंच. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात, पाठ अजिबात न दुखणाऱ्या विशीतल्या लोकांपैकी ३७ टक्क्यांच्या आणि ऐंशीतल्या ९६ टक्क्यांच्या चकत्या झिजलेल्या दिसल्या. त्यामुळे रिपोर्टमध्ये झीज दिसली म्हणून लगेच घाबरायचं कारण नाही. मात्र लघवी-संडासवरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला किंवा दोन्ही पाय लुळे वाटू लागले, तर वाट न बघता ए अँड ई गाठायचं. तिथे व्यायामाचा कागद कामाचा नाही.

ज्यांची भाचरं-पुतणे फिजिओथेरपी शिकून इकडे यायच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी दोन गोष्टी.

पहिली : इथे 'फिजिओथेरपिस्ट' ही उपाधी कायद्याने राखीव आहे. एचसीपीसीच्या नोंदवहीत नाव नसेल तर ती लावता येत नाही. भारतात पदवी घेतलेल्यांसाठी असलेल्या बऱ्याच एमएस्सी कोर्समुळे ही नोंदणी आपोआप मिळत नाही, त्यासाठी परदेशी पदवीच्या मार्गाने वेगळा अर्ज करावा लागतो. फी भरण्याआधी हे विद्यापीठाला लेखी विचारून घ्या. कर्ज काढून आल्यावर हे कळलं तर फार जड जातं.

दुसरी : नोकरी मिळेलच असं धरून चालू नका. २०२५ मध्ये इथल्याच नव्या पदवीधरांना बँड ५ ची पहिली जागा मिळणं अवघड झालं होतं. त्या वर्षी ऑगस्टमध्ये सरकारने नव्या पदवीधरांना नोकरीची हमी जाहीर केली, पण ती नर्स आणि मिडवाइफ यांच्यासाठी.

आणि आपण पेशंट मंडळी? फिजिओथेरपिस्टने नुसता व्यायाम सांगितला की आपण पैसे फुकट गेले म्हणतो आणि मशीन लावणाऱ्याकडे जातो. मग भारतातला प्रॅक्टिस करणारा मुलगा, शिकलेलं सगळं बाजूला ठेवून, मशीनच विकत घेणार. नव्या शिकलेल्यांची वृत्ती बदलावी असं वाटत असेल तर आपलीही थोडी बदलायला हवी. आई-बाबा इकडे आले की त्यांनाही हे समजावून सांगा... माझी आई अजून पूर्ण पटवून घेत नाहीये, पण रोज संध्याकाळी चालायला जाते!

असो. मी काही डॉक्टर नाही, 'पीटी' तर नाहीच. दुखणं असेल तर जाणकारालाच विचारा. पण कागद मिळाला तर तो फ्रिजवर लावू नका, एवढंच.

चूकभूल द्यावी घ्यावी.