रेव्हरंड टिळकांची गाळलेली पाने

शाळेत मराठी शिकलेल्या माणसाला रेव्हरंड नारायण वामन टिळक माहीत असतात ते ‘केवढे हे क्रौर्य’ या कवितेतील घायाळ पक्षिणीमुळे. पदवीपर्यंत मजल मारलेल्यांना ‘वनवासी फूल’ ठाऊक असते आणि ‘फुलांमुलांचे कवी’ ही बिरुदावली तर पाठच असते. परंतु टिळकांच्या निधनानंतर शंभराहून अधिक वर्षे मराठी ख्रिस्तमंदिरांतून जी रचना प्रत्यक्ष गायिली जात आहे, त्या भजनांचा व अभंगांचा साहित्याच्या अभ्यासक्रमात सहसा उल्लेखही आढळत नाही. कवीला आपण घरात घेतले आणि त्याची भक्ती उंबऱ्याबाहेर ठेवली.

वास्तविक या भजनांमागे भाषेचा एक मोठा पेच होता. अमेरिकन मिशनरी 1813 मध्ये मुंबईत स्थिरावले. त्यांच्या उपासनेत इंग्रजी स्तोत्रांची भाषांतरे मूळ चालींवर म्हटली जात. इंग्रजी चाल आघातावर चालते, तर मराठी पद्य ऱ्हस्व-दीर्घावर. आघात भलत्याच अक्षरावर पडला की शब्द मोडतो आणि अर्थ सांडतो. अहमदनगरकडील खेड्यांतून ख्रिस्ती झालेली बहुसंख्य कुटुंबे महार-मांग समाजातील, बहुतांशी निरक्षर होती. त्यांच्यासाठी स्तोत्र हेच पुस्तक होते आणि ते ओठांवर बसणे ही चैन नसून गरज होती. कृष्ण रत्नाजी सांगळे यांच्यासारख्या कीर्तनकारांनी देशी वळणाची वाट पाडली होती. टिळकांनी तिचा राजमार्ग केला.

कोकणातील करजगाव येथे 1861 मध्ये चित्पावन कुटुंबात जन्मलेला हा माणूस राजनांदगावकडे जाणाऱ्या आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाने दिलेला ‘नवा करार’ वाचून अस्वस्थ होतो आणि 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतो, ही हकिकत ‘स्मृतिचित्रे’च्या वाचकांना परिचित आहे. लक्ष्मीबाईंना त्याची किती जबर किंमत द्यावी लागली, तेही त्या पुस्तकात आहेच. मात्र धर्म बदलताना टिळकांनी कान बदलले नाहीत. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, या आशयाचे त्यांचे उद्गार प्रसिद्ध आहेत. ओवी, अभंग, पद, आरती, कीर्तन ही सारी सामग्री त्यांनी उपासनेत आणली. ‘उपासना संगीता’त त्यांच्या रचनांचा वाटा मोठा आहे.

ही रचना प्रचारकी आहे, तिची जागा देवळात, वर्गात नव्हे, असा आक्षेप घेतला जातो. तो मान्य करावयाचा तर 1616 मध्ये गोव्यात छापलेले फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ आपण मराठीचे भूषण म्हणून का शिकवितो? आणि वारकरी संतांचे अभंग तरी आपण उपासनेपासून तोडून कोठे वाचतो? तीन-चारशे वर्षांपूर्वीची भक्ती वाङ्मय ठरावी आणि कालपरवाची ठरू नये, हा निकष वाङ्मयीन नाही. तो संकोचाचा आहे. टिळकांची सगळीच भजने उत्तम आहेत असे नव्हे. गरजेपुरती जुळविलेली पदेही त्यांत आहेत. पण निवड वाचल्यानंतर करावयाची असते.

स्वतः टिळक मिशनलाही पुरते मानवले नाहीत. 1917 मध्ये पगारी सेवा सोडून त्यांनी संन्यस्त वृत्ती पत्करली आणि ‘देवाचा दरबार’ ही कल्पना मांडली. प्रापंचिक माणसाने पन्नाशी उलटल्यावर महिन्याची प्राप्ती सोडणे म्हणजे काय, हे कारकून-शिक्षकांना सांगावयास नको. मे 1919 मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले. अपुऱ्या राहिलेल्या ‘ख्रिस्तायना’चे पुढचे बहुतेक अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. ज्या बाईंना शाळा कधी लाभली नाही, त्यांनी!

विद्यापीठांच्या मराठी अभ्यास मंडळांनी टिळकांच्या पंचवीस-तीस निवडक भजनांचे एक चांगले संपादन अभ्यासक्रमास लावावे, ही मागणी अवास्तव नाही. मुद्रित शब्द तरी शाबूत आहेत. चालींचे तसे नाही. गावोगावच्या मंडळ्यांत त्यांपैकी पुष्कळशा केवळ गळ्यांतून उतरत आल्या. आज अहिल्यानगर झालेल्या टिळकांच्या नगरातील आणि सोलापूर-साताऱ्याकडील महाविद्यालयांना त्या ध्वनिमुद्रित करण्याचे काम एखाद्या उन्हाळी सुटीतही सुरू करता येईल. जुन्या पठडीत गाणारी माणसे तोवर भेटावयास हवीत.