परंपरेची साक्ष ‘तारो’कडून काढा

जपानमध्ये लग्नानंतर नवरा-बायकोला एकच आडनाव लावावे लागते. नागरी संहितेच्या 750व्या कलमाची तशी सक्ती आहे. कोणी कोणाचे घ्यायचे हे कायदा सांगत नाही, पण सुमारे 95 टक्के जोडप्यांत बदलते ते बायकोचेच. सर्वोच्च न्यायालयाने 2015 आणि 2021 मध्ये ही तरतूद राज्यघटनेला धरून असल्याचा निकाल दिला, आणि बदलाला विरोध करणारे राजकारणी तर उठता-बसता परंपरेचा दाखला देतात. साक्ष परंपरेचीच हवी असेल, तर ती एका जुन्या आणि अगदी साध्या पुरुषनावाकडून घ्यावी. ते नाव आहे ‘तारो’. सरकारी अर्जांच्या नमुन्यावर आजही अनेकदा ‘यामादा तारो’ असेच छापलेले असते, इतके ते सर्वसाधारण.

तारो म्हणजे थोरला मुलगा. पाठोपाठ जिरो, साबुरो, शिरो असा क्रम लागतो. मात्र जुन्या काळी हे माणसाचे एकमेव नाव नसे. समुराई घराण्यातल्या मुलाला बाळपणीचे एक नाव असे. वयात आल्याचा विधी झाला की त्याला औपचारिक नाव मिळे. हे औपचारिक नाव तोंडावर उच्चारणे अदबीला सोडून मानले जाई, म्हणून रोजच्या व्यवहारात चाले ते बोलीतले नाव. अकराव्या शतकातला सेनानी मिनामोतो योशिइये (1039–1106) याचा हा विधी हाचिमान देवाच्या मंदिरात झाला, म्हणून तो ‘हाचिमान तारो’. त्याचे धाकटे भाऊही असेच देवस्थानांवरून ओळखले गेले: कामो मंदिरावरून ‘कामो जिरो’ आणि शिनरा देवावरून ‘शिनरा साबुरो’. पुढे चौदाव्या शतकात आशिकागा ताकाउजी थोरला नसूनही ‘मातातारो’ म्हणवला जाई. त्याचे औपचारिक नाव तर त्याहून बोलके आहे. त्यातले ‘ताका’ हे अक्षर सत्ताधीश होजो ताकातोकीच्या नावातून आलेले. 1333 मध्ये ताकाउजी होजोंवर उलटला, त्यांची सत्ता कोसळली, आणि सम्राट गो-दाइगोने त्याला स्वतःच्या नावातले अक्षर बहाल केले. उच्चार तोच राहिला, लिहिण्याचे अक्षर बदलले. निष्ठा फिरली तसे नावही फिरले, आणि त्यात कोणाला वावगे वाटले नाही.

एक माणूस, एक नाव, एक नोंद ही व्यवस्था मेइजी सरकारची. सामान्य लोकांना अधिकृतपणे आडनाव लावण्याची मुभा मिळाली 1870 मध्ये. 1875 मध्ये ते सक्तीचे झाले. मधल्या काळात, 1872 साली, देशभर कुटुंबनोंदणी सुरू झाली आणि बोलीतले व औपचारिक अशा दोन नावांपैकी एकच ठेवण्याचा हुकूम निघाला. पुढच्याच वर्षी सक्तीची लष्करभरती आली, हा निव्वळ योगायोग नव्हे. ओकुमा शिगेनोबु यांनी औपचारिक नाव ठेवले आणि ‘हाचितारो’ सोडले. इतागाकी ताइसुके यांनी उलट बोलीतले नावच कायम केले. तीनदा पंतप्रधान झालेले कात्सुरा तारो (1848–1913) हे निखळ ‘तारो’ म्हणून इतिहासात गेले. आणि आडनावाचे म्हणाल तर 1876 मध्ये याच सरकारचा आदेश होता की लग्नानंतरही बायकोने माहेरचेच आडनाव लावावे! नवरा-बायकोचे एक आडनाव आले ते 1898च्या नागरी संहितेने. ज्याला परंपरा म्हणून मिरवले जाते, ते कात्सुरांच्या पन्नाशीत जन्मले.

यावर कोणी म्हणेल, क्रमांकाने हाक मारणाऱ्या समाजाकडून व्यक्तीच्या नावाच्या हक्काचे धडे कसले घ्यायचे? आक्षेप वरवरचा आहे. बाळाजी जनार्दन भानू म्हटले तर आपल्यातलेही अनेकजण क्षणभर अडखळतील, नाना फडणवीस म्हटले तर नाही. हाकेच्या नावाने माणूस पुसला जात नाही. क्रमांकाला धार होती हे मात्र मान्य करावे लागेल. 1898च्या संहितेने घराचे प्रमुखपद आणि मालमत्ता सामान्यतः थोरल्या मुलाकडे दिली आणि 1947पर्यंत ते तसेच चालले. पण ती धार कायद्याची होती, नावाची नव्हे. कात्सुरांचा पंतप्रधानपदावरील सर्वाधिक कार्यकाळाचा विक्रम 2019 मध्ये मोडणारे आबे शिंझो यांच्या नावात तीनचा आकडा आहे, आणि ते आपल्या वडिलांचे दुसरे चिरंजीव.

खरा जड मुद्दा प्रशासनाचा आहे. आधुनिक राज्याला माणसाची ओळख पटवणारे कायम नाव हवे, आणि ताकाउजीसारखी अक्षरे बदलत बसणे आता परवडणारे नाही. हे अगदी बरोबर, पण हा मुद्दा सक्तीच्याच विरोधात जातो. नाव बदलायला नको म्हणणारी बाजू आज बायकांची आहे. पदवी, शोधनिबंध, बँकखाते, पासपोर्ट यांवरचे नाव आयुष्यभर तेच राहावे एवढीच त्यांची मागणी, आणि 1872च्या हुकमाचा हेतूही नेमका तोच होता. नाव मोडायला लावते ते राज्य, आणि स्थैर्याची गरजही तेच सांगते. कायदामंत्र्यांच्या सल्लागार विधिपरिषदेने ऐच्छिक वेगळ्या आडनावांची शिफारस 1996 मध्येच केलेली आहे. ज्यांना एक आडनाव हवे त्यांचे त्यात काहीच जात नाही. जपानी संसदेने ती शिफारस आता मंजूर करावी.